नंबर लागेल का?

बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडकडच्या मुलांशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, नंबर लागेल का?" पूर्वी हा प्रश्न फार तर कल्याण किंवा ठाण्याच्या कॉलेजपुरता असायचा. हल्ली एखादी मुलगी दिल्लीचं, बनारसचं, हैदराबादचं नाव घेते. मग आपण सगळे, म्हणजे शिक्षक, मामा, काका, शेजारचे, पहिल्यांदा टक्के विचारतो. टक्के कळले की मनातल्या मनात गणित करतो आणि सांगून टाकतो, "कठीण आहे गं."

हे गणित आपण कशाच्या आधारावर करतो, याचा विचार करताना मी थोडा मागे गेलो. प्रवेशाच्या धोरणांचा इतिहास चाळला, तेव्हा लक्षात आलं की टक्के मुलाचे असले तरी अंदाज बांधणारा त्या मुलाला कुठल्या तरी गठ्ठ्यात घालून मोजत असतो. तो गठ्ठा कधी शाळेचा असतो, कधी जातीचा, कधी जिल्ह्याचा, तर कधी विभागाचा. आणि हे गठ्ठे बांधताना शहापूर-मुरबाडला कोणी विचारलेलं नसतं.

यातली सर्वात रंजक गोष्ट दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. हे विद्यापीठ 1969 साली सुरू झालं. सुरुवातीच्या काही वर्षांतच, 1970च्या दशकात, तिथे प्रवेशाचं एक वेगळं धोरण आलं. मागास भागातून आलेल्या मुलाला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर काही जादा गुण द्यायचे. हे गुण म्हणजे दया नव्हती. दिव्याखाली अभ्यास करून पन्नास मिळवणारा आणि दिल्लीच्या इंग्रजी शाळेतून साठ मिळवणारा यांच्यात हुशार कोण, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, एवढाच त्यामागचा साधा विचार. 1983 साली तिथे विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं, विद्यापीठ काही काळ बंद राहिलं, 1983-84 मध्ये नवे प्रवेशच झाले नाहीत, आणि त्यानंतर हे जादा गुणही गेले. विद्यार्थ्यांनी दहा वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात ते परत आले.

परत आल्यानंतर हिशेब असा होता. देशातले जिल्हे जनगणनेच्या आकड्यांवरून क्रमाने लावायचे. स्त्रियांची साक्षरता किती, शेतीवर जगणारे किती, खेड्यात राहणारे किती, घरात शौचालय नसलेली कुटुंबं किती. सर्वात मागास चौथाईतल्या जिल्ह्याला पाच गुण, त्याच्या वरच्या चौथाईला तीन. मुलींनाही जादा गुण मिळत. बिहार, ओडिशा, राजस्थानच्या कोपऱ्यातली कितीतरी मुलं या पाच गुणांच्या आधाराने दिल्लीत पोचली. 2017 साली एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रवेशातून हे गुण काढले गेले, तेव्हा त्यावर बरीच भांडणं झाली.

आता आपल्याकडे बघू. या हिशेबात मोजमापाचं एकक जिल्हा. आपला जिल्हा कोणता? ठाणे! 2011च्या जनगणनेत लोकसंख्येने देशात पहिला असलेला जिल्हा. एक कोटी दहा लाखांवर माणसं, त्यातली शंभरात सत्त्याहत्तर शहरात राहणारी. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार अशा सात महानगरपालिका एकाच जिल्ह्यात. त्या कोटभर लोकांत शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मिळून सुमारे पाच लाख, म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. आता काढा सरासरी! डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरची मुलगी आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीतली मुलगी कागदावर एकाच जिल्ह्याच्या.

2014 साली पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी तिकडे गेले आणि निदान त्यांचं मागासपण जिल्ह्याच्या नावाने दिसू तरी लागलं. शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले, आणि उरलेल्या ठाण्याची सरासरी आणखी शहरी झाली. तानसा आणि भातसा या धरणांचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर फिरतात, हे आपल्याला पाठ आहे. आकड्यांचंही तसंच झालं म्हणायचं.

आपल्या राज्यातही हेच घडलं. वैद्यकीय प्रवेशासाठी महाराष्ट्रात बरीच वर्षं 70:30चं सूत्र होतं. 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, 30 टक्के साऱ्या राज्याला. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. मुरबाडचा मुलगा या ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांच्या रांगेत. 2020 साली हे सूत्र रद्द झालं, तेव्हा मराठवाड्याला न्याय मिळाला की विदर्भावर अन्याय झाला याची चर्चा झाली. मुरबाडबद्दल कोणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. विकासाच्या अनुशेषाचंही असंच. 1984च्या दांडेकर समितीने अनुशेष जिल्हावार मोजला. 2013 साली विजय केळकर समितीने तालुका हे एकक धरावं असं सुचवलं, तेव्हा त्यावर वाद झाले. मला मात्र त्या सूचनेत निदान शहापूरचं नाव दिसण्याची शक्यता दिसली होती.

गठ्ठा कसा बांधला यावर किती अवलंबून असतं, याची दोन उदाहरणं अमेरिकेतली. 1920च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शावर गेलं आणि अध्यक्ष लॉवेल यांना ते खटकलं. दूरच्या राज्यांतली मुलं यावीत म्हणून 1923 साली शाळेतल्या वरच्या सातव्या हिश्शातल्या मुलांना परीक्षेविना घेण्याची योजना आली. पुढे 1926 पासून ‘स्वभाव’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहिलं जाऊ लागलं आणि ज्यू मुलांचं प्रमाण घटलं. म्हणजे मुलगा कुठला, कसा, हा प्रश्न दार उघडायला वापरता येतो तसा दार लावायलाही. दुसरं उदाहरण टेक्सासचं. 1997च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळाला. इथे एकक शाळा. मग ऑस्टिनच्या विद्यापीठात मुलं पाठवणाऱ्या शाळांची संख्या वाढली. मुलं तीच होती, मोजणी बदलली.

जातीनिहाय आरक्षण आहेच. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा आहेत. आपल्याकडच्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी मुलांनी त्या मागायलाच हव्यात. पण तिथेही गठ्ठे आहेत. कातकरी ही अतिमागास म्हणून नोंदलेली आदिम जमात, पण ती देशभरच्या सगळ्या जमातींबरोबर एकाच यादीत मोजली जाते.

असो. एवढा इतिहास सांगायचं कारण, "कठीण आहे गं" म्हणताना आपणही एक गठ्ठा बांधत असतो. "आपल्याकडून आजवर कोण गेलंय?" हा आपला हिशेब. न गेलेल्यांपैकी किती जणांनी फॉर्म भरला होता, हे त्या हिशेबात येतच नाही. परीक्षेचं केंद्र किती लांब होतं, फॉर्मची तारीख केव्हा कळली, जातीच्या दाखल्यासाठी किती खेपा झाल्या, यातलं काहीच आपण टक्क्यांबरोबर विचारत नाही.

तेव्हा मी आता अंदाज सांगायच्या आधी चार गोष्टी विचारतो. या मुलीचे टक्के तिच्या शाळेत कुठे बसतात? घरात बारावीपर्यंत आधी कोणी पोचलं होतं का? कुठल्या विद्यापीठात कोणत्या विषयाला किती जागा, आणि त्यातल्या तिच्या वाट्याच्या किती? आणि परीक्षा मराठीतून देता येते का? केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीच्या सामायिक परीक्षेला 2022 पासून मराठीही आहे, हे आपल्याकडे अजून कितीतरी घरांत माहीत नाही. ही उत्तरं घेऊन बसलं की अंदाज बराच बदलतो. कधी तो "कठीण"च राहतो, पण तेव्हा मी तिला सांगू शकतो की कठीण का आहे आणि कुठे सोपं आहे. आणि फॉर्मची शेवटची तारीख सांगतो, ती कागदावर लिहून देतो.