बुक टेस्ट म्हणजे काय? पुस्तकातला तुम्ही निवडलेला शब्द मेंटलिस्टला कळतो तरी कसा?

इन्स्टावर किंवा यूट्यूबवर हे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. स्टेजवरचा मेंटलिस्ट प्रेक्षकांतल्या एका ताईंच्या हातात जाडजूड कादंबरी देतो. कुठलंही पान उघडा, एखादा शब्द मनात धरा, पुस्तक मिटा. मग तो त्यांच्या डोळ्यांत बघतो, एक-दोन अक्षरं चुकल्यासारखं करतो आणि शेवटी पाटीवर तोच शब्द लिहून दाखवतो. ताई तोंडावर हात ठेवतात आणि कमेंटमध्ये निम्मे लोक लिहितात, "ही बाई त्याचीच माणूस आहे."

बहुतेक वेळा ती त्याची माणूस नसते. या प्रयोगाला 'बुक टेस्ट' म्हणतात आणि मेंटलिझममधल्या सर्वांत जुन्या, सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी हा एक आहे. विकला जाणारा म्हणजे अक्षरशः विकला जाणारा, कारण यासाठी खास पुस्तकं बनवली जातात. त्यांचे रिव्ह्यू येतात, त्यांवर वाद होतात आणि नवखे कलाकार त्यांत पैसेही घालवतात.

आधी घरी करून बघा

गणितावर चालणारी एक जुनी बुक टेस्ट आहे. तिला कसलंच खास साहित्य लागत नाही.

मित्राला तीन अंकी संख्या घ्यायला सांगा. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. समजा त्याने ७४२ घेतली. ती उलटी करायची, २४७. मोठीतून लहान वजा, ४९५. आता हे उत्तर उलटं करून त्यातच मिळवायचं, ४९५ अधिक ५९४. आले १०८९. ८३१ घेतली तरी ६९३ अधिक ३९६, म्हणजे पुन्हा १०८९. वजाबाकीचं उत्तर ९९ आलं, तर ते ०९९ असं तीन अंकी धरायचं, बस्स.

आता मित्राला सांगा, पहिले तीन अंक म्हणजे पान आणि शेवटचा अंक म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द. तो १०८ व्या पानावरचा नववा शब्द शोधेल. तुम्ही तो सकाळीच पाठ करून ठेवलेला असेल.

मित्राच्या डोक्यात मात्र शेवटपर्यंत राहतं, 'संख्या तर मी निवडली होती.' बुक टेस्टचा निम्मा जीव याच समजुतीत आहे.

पडद्यामागे काय चालतं?

ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली वर आलीच. निवड मोकळी वाटते, पण मोकळी नसते. जादूगार याला 'फोर्स' म्हणतात. दुसरी वाट म्हणजे कलाकार एका क्षणापुरता पान किंवा शब्द पाहून घेतो. त्याला 'पीक' म्हणतात. तिसरी स्मरणशक्तीची. काही कलाकार खरोखरच शेकडो पानांची माहिती डोक्यात ठेवतात. ही वाट कष्टाची आहे आणि प्रेक्षकांना तीच सर्वांत कमी खरी वाटते, हा त्यातला विनोद. चौथी वाट म्हणजे पुस्तकच साधं नसणं. दिसायला कादंबरी, पण आतला मजकूर एका विशिष्ट हिशेबाने लिहिलेला.

बाजारात 'बुक टेस्ट' म्हणून मिळणारी उत्पादनं बहुतांशी चौथ्या प्रकारची. लॅरी बेकर यांचं 'फ्लॅशबॅक' आणि टेड कार्मिलोविच यांचं 'मदर ऑफ ऑल बुक टेस्ट्स' ही त्यातली कलाकारांमध्ये गाजलेली नावं. त्यांच्या आत नेमकं काय आहे, हे इथे उघड करण्यात अर्थ नाही. ते लोकांच्या रोजीरोटीचं साधन आहे आणि ते न सांगताही विषय समजतो.

पुस्तकात काहीच न करता होणारे प्रयोगही आहेत. अमेरिकन कलाकार डेव्हिड हॉय यांचा प्रयोग त्यात सर्वांत प्रसिद्ध. १९६३ च्या त्यांच्या पुस्तकात तो छापला गेला आणि 'हॉय बुक टेस्ट' या नावाने आजही केला जातो. साधी पुस्तकं, शून्य खर्च, पण लागतं प्रचंड धाडस. म्हणूनच हजारो रुपये खर्चून आणलेलं पुस्तक कपाटात ठेवून पुन्हा हॉयकडे वळणारे व्यावसायिक कमी नाहीत.

हे सगळं सुरू कुठून झालं?

पुस्तक वापरून जादू करणं चारशे वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' लिहिलं. चेटूक म्हणून ज्यांना धरलं जातं त्या गोष्टींमागे हातचलाखी कशी असते, हे त्यात आहे. पानं फरफर चाळली की दरवेळी वेगळीच चित्रं दिसतात, अशा पुस्तकाचं वर्णनही त्यात सापडतं.

मनातला शब्द ओळखण्याचा प्रयोग विसाव्या शतकात घडत गेला. थिओडोर अ‍ॅनिमन यांनी १९३४ पासून 'द जिंक्स' हे जादूगारांसाठीचं नियतकालिक चालवलं आणि मेंटलिझमला स्वतंत्र कला म्हणून आकार दिला. पुढे टोनी कोरिंडा यांच्या 'थर्टीन स्टेप्स टू मेंटलिझम' या तेरा पायऱ्यांच्या ग्रंथात सातवी पायरी बुक टेस्टसाठीच आहे. आजही या क्षेत्रात येणाऱ्याला पहिल्यांदा तेच पुस्तक वाचायला सांगितलं जातं.

पण 'बुक टेस्ट' या नावाची दुसरी एक गोष्ट आहे आणि ती करमणुकीची नाही.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधली हजारो घरं मुलं गमावून बसली होती. त्या काळात ग्लॅडिस ऑस्बर्न लेनर्ड या माध्यम म्हणून प्रसिद्ध होत्या. मृत व्यक्ती आपल्यामार्फत बोलते, असा त्यांचा दावा होता. नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये युद्धात मारला गेला. लॉज लेनर्ड यांच्याकडे गेले, त्यांचा विश्वास बसला आणि १९१६ मध्ये त्यांनी 'रेमंड' नावाचं पुस्तक लिहिलं.

लेनर्ड यांच्या बैठकांत 'बुक टेस्ट' असायची. तुमच्या घरातल्या अमुक कपाटात, तमुक फळीवर, डावीकडून इतकं पुस्तक, त्याचं इतकं पान, तिथे तुमच्यासाठी निरोप आहे, असं सांगितलं जाई. लोक घरी जाऊन ते पान उघडत. लेडी ग्लेनकॉनर यांचा मुलगा १९१६ मध्ये सोमच्या लढाईत मारला गेला होता. त्याच्याकडून आलेल्या अशा निरोपांवर त्यांनी १९२१ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला एक निरोप झाडांवरच्या एका पुस्तकाकडे बोट दाखवणारा होता. सांगितलेल्या पानाजवळ झाडं पोखरणाऱ्या किड्यांचा उल्लेख निघाला. मुलाचे वडील या किड्यांबद्दल सतत कुरकुरायचे आणि घरात त्यावरून थट्टा चालायची. आईला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

त्याच वर्षी संशोधक एलिनोर सिजविक यांनी लेनर्ड यांच्या पाचशेहून जास्त बुक टेस्ट तपासल्या. त्यांच्या मोजणीनुसार स्पष्ट यश सुमारे १७ टक्के होतं. विश्वास असलेल्यांना तेवढंही योगायोगापेक्षा जास्त वाटलं. पण पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, दुःखात बुडालेल्या माणसाला त्यात आपल्याबद्दलचं काहीतरी सापडतंच. निरोप जितका मोघम, तितका तो बसण्याची शक्यता जास्त. न बसलेल्या निरोपांवर कुणी पुस्तक लिहीत नाही.

स्टेजवरच्या मेंटलिस्टला ही मोघम सूट नसते. त्याला नेमका शब्द सांगावा लागतो. म्हणूनच त्याला प्रॉप लागतो.

मग 'शक्ती' म्हणून विकलं तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं, हे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे तुरुंगवास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. जादूचा खेळ म्हणून तिकीट लावून केलेली बुक टेस्ट हा गुन्हा नाही. तोच प्रयोग करून 'मला सिद्धी आहे, पैसे ठेवा, अडचण सोडवतो' म्हटलं की पारडं फिरतं.

जानेवारी २०२३ मध्ये बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांचा नागपुरात कार्यक्रम झाला. श्याम मानव यांनी त्यांना दावा सिद्ध करण्याचं आव्हान दिलं आणि वाद पेटला. कायद्याचा भंग होईल असं काही आढळलं नाही, असं नागपूर पोलिसांनी नंतर सांगितलं. त्याच दिवसांत मेंटलिस्ट सुहानी शाह यांनी हिंदी वृत्तवाहिन्यांवर निवेदकांच्या मनातली नावं ओळखून दाखवली आणि हा चमत्कार नाही, कला आहे, असं तिथेच सांगून टाकलं. नंतर २०२५ मध्ये इटलीतल्या तोरिनो इथे झालेल्या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत त्यांना ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला.

प्रॉप चांगला की वाईट, कसं ओळखायचं?

बुक टेस्टच्या जाहिरातीचे व्हिडिओ नेहमीच भारी असतात. व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे दोन मिनिटांचं कापलेलं फुटेज. त्यामुळे रिव्ह्यू वाचताना 'लोक वेडे झाले' हे वाक्य सोडून द्यावं आणि चार-पाच गोष्टी शोधाव्यात.

सर्वांत महत्त्वाची, पुस्तक प्रेक्षकाच्या हातात किती वेळ राहू शकतं? काही पुस्तकं तो निवांत चाळू शकतो, काही लगेच परत घ्यावी लागतात. दुसरी घटना शोमध्ये घडली तर प्रेक्षकाला परत घेण्याची घाई दिसते आणि सगळा खेळ तिथेच संपतो.

मग शब्दाची निवड. 'कुठलाही शब्द' असं जाहिरातीत असतं. प्रत्यक्षात 'पानावरच्या पहिल्या ओळीतला मोठा शब्द' अशी अट निघते. अट असणं वाईट नाही. छोटे शब्द कंटाळवाणे असतात, असं कारण देऊन कलाकार ती सहज लपवू शकतो. पण रिव्ह्यूमध्ये ती अट सांगितलेली नसेल, तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याने प्रयोग लोकांसमोर केलेला नाही, असं समजायला हरकत नाही.

पाठांतर किती, हाही प्रश्न आहे. 'शून्य पाठांतर' म्हणणाऱ्या उत्पादनात बऱ्याचदा कुठेतरी चिठ्ठी किंवा तक्ता वापरावा लागतो. आणि कलाकाराने विचारायचे प्रश्न किती? "शब्दात 'आर' आहे का? नाही? ठीक आहे" असं तीनदा झालं की मनकवडेपणाचा हँगमन होतो.

आणखी एक गोष्ट अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे. पूर्वी बनावट कादंबरी खपून जायची. आता शो संपायच्या आत तिसऱ्या रांगेतला पोरगा पुस्तकाचं नाव सर्च करतो. लेखकाचं दुसरं एकही पुस्तक नाही, दुकानात प्रत नाही, एकच निकाल आणि तो जादूच्या दुकानाचा. गाजलेल्या, खऱ्या कादंबरीसारखं दिसणारं प्रॉप म्हणूनच जास्त चालतं. कागद, छपाई, मागच्या पानावरचा मजकूर, बारकोड, सगळं विमानतळावरच्या पुस्तकासारखं दिसायला हवं. किंमत डॉलरमध्ये असते आणि त्यावर टपालखर्च आणि आयात शुल्क लागतं. पॅकिंग उघडल्यावर कागद झेरॉक्सच्या दुकानातला निघाला तर दाद मागणार कुणाकडे?

मराठीत बुक टेस्ट करायची असेल तर

विकत मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि त्यांचा हिशेब इंग्रजी अक्षरांवर बेतलेला असतो. मराठीत गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. 'पहिलं अक्षर मनात आणा' म्हटल्यावर 'प्रवास' धरणारा माणूस 'प' म्हणेल की 'प्र'? 'विद्यार्थ्यांनी' या शब्दात अक्षरं किती? वि, द्या, र्थ्यां, नी, म्हणजे चार. पण स्टेजवर घाबरलेला प्रेक्षक बोटं मोजत सहा-सातपर्यंत जातो. त्यामुळे अक्षर-अक्षर काढत नेण्यापेक्षा चित्रावरून शब्दाकडे जाणं मराठीत सोयीचं पडतं. 'पाणी दिसतंय, लांबवर पाणी' आणि मग 'समुद्र'. पुस्तकात 'समुद्राकाठच्या' छापलेलं असलं तरी कुणी तक्रार करत नाही. विभक्ती इथे कलाकाराच्या बाजूने असते.

साधं पुस्तक आणि १०८९ घेऊन करायचं तर वेगळी अडचण. प्रत्येक घरात सापडेल म्हणून 'श्यामची आई' निवडावीशी वाटते. पण साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. अनेकांनी छापलंही आहे, वेगवेगळ्या आकारात आणि टाइपात. एका प्रकाशकाच्या १०८ व्या पानावरचा नववा शब्द दुसऱ्याच्या प्रतीत चार पानं मागे-पुढे असतो. यजमानांच्या कपाटातली प्रत वापरायला गेलेला हौशी कलाकार तिथेच फसतो. म्हणून तो आपलीच प्रत पिशवीतून घेऊन येतो. पुढच्या वेळी कुणी स्टेजवर पुस्तक पुढे केलं, तर ते कुणाचं आहे एवढंच विचारून बघा.