मासा, गळ आणि कायदा : वसाहतकालीन भारतातील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंरक्षणाचे नियम

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश भारतात नद्यांतील माशांच्या संरक्षणाची चर्चा सुरू झाली आणि तिची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमात झाली. प्रस्तुत निबंधात या चर्चेचा उगम, अधिनियमाची कलमे, निलगिरी व काश्मीर येथील क्रीडा-मासेमारी आणि दख्खनमधील लोकपरंपरा यांचा एकत्रित विचार केला आहे. मासे कमी होण्याची जी कारणे तपासाअंती पुढे आली, त्यांपैकी गरिबांच्या हातून घडणारी कारणे कायद्याने दंडनीय ठरवली. शासनाच्या हातून घडणारे कारण, म्हणजे बंधारे, मात्र कायद्याच्या बंधनाबाहेर राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मत्स्य अधिनियम १८९७, फ्रान्सिस डे, क्रीडा-मासेमारी, महसीर, बंधारे, देवाचे मासे.

१. प्रस्तावना

वसाहतकालीन पर्यावरणाच्या इतिहासात वन आणि शिकार या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. १८६५ व १८७८ च्या वन अधिनियमांनी आदिवासींचे जंगलावरील हक्क कसे आकुंचित केले, हे अभ्यासकांना परिचित आहे. त्या मानाने नदी आणि नदीतील मासा हा विषय उपेक्षित राहिला. वास्तविक, नदीकाठच्या भोई, ढीवर, कोळी, कातकरी आदी समाजांच्या जीवनात मासा हे अन्नही होते आणि उपजीविकेचे साधनही. त्याच नदीत सुटीच्या दिवशी गळ टाकून बसणारा इंग्रज अधिकारी हा नवा घटक होता. एकाच पाण्यातील एकाच माशाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत्या. कायदा करताना त्यांपैकी कोणती दृष्टी प्रमाण मानली गेली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

२. प्रश्नाचा उगम : बंधारे आणि फ्रान्सिस डे यांचा अहवाल

मत्स्यसंरक्षणाच्या चर्चेची सुरुवात मच्छीमाराच्या जाळ्यापासून झाली नाही, तर सरकारी बंधाऱ्यापासून झाली, ही बाब लक्षणीय आहे. दक्षिण भारतातील सिंचनकार्यांचे प्रणेते सर आर्थर कॉटन यांनी १८६७ मध्ये भारतमंत्र्यांचे लक्ष एका धोक्याकडे वेधले. नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे समुद्रातून वर चढणाऱ्या माशांची वाट अडते आणि त्यामुळे मत्स्यसंपत्तीची हानी होऊ शकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांनी स्वतः बंधारे उभारले त्यांनीच ही शंका उपस्थित करावी, यातून तिचे गांभीर्य ध्यानात येते. हिलसासारखा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत येतो. कोलेरून, कृष्णा, गोदावरी यांसारख्या नद्यांवरील बंधारे त्याच्या मार्गात आडवे आले होते.

पुढे या प्रश्नाची चौकशी मद्रास लष्करातील शल्यवैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांच्याकडे आली. भारताचे मत्स्यव्यवसाय महानिरीक्षक या नात्याने त्यांनी १८७३ मध्ये भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याचे मासे आणि मत्स्यव्यवसाय यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. प्रांतोप्रांतीच्या महसूल अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून त्यांची उत्तरे मिळवणे, ही त्यांची पद्धत होती. अंडी घालणाऱ्या माशांची व पिलांची सर्रास होणारी पकड, जाळ्यांची बारीक आसे, प्रवाहात आडवे लावलेले स्थिर सापळे, पाण्यात विष कालवणे आणि बंधारे ही मासे घटण्याची कारणे त्यांनी मांडली. जाळ्याच्या आसाची किमान मर्यादा ठरवावी, स्थिर सापळ्यांस मनाई करावी आणि बंधाऱ्यांमध्ये माशांना वर चढण्यासाठी वाटा ठेवाव्यात, अशा त्यांच्या सूचना होत्या.

येथे डे यांच्यावर अन्याय होता कामा नये. त्यांच्या विवेचनात मासा हे प्रामुख्याने लोकांचे अन्न आहे. उत्पादन घटले तर गरिबाच्या ताटातील मासा नाहीसा होईल, ही त्यांची चिंता खरी होती. मात्र नियम अमलात आणण्याचे काम कनिष्ठ नोकरांच्या हाती जाईल आणि ते लोकांना नाडतील, ही शंकाही तत्कालीन प्रशासनात व्यक्त होत होती. अहवालानंतर अखिल भारतीय कायदा होण्यास २४ वर्षे लागली. तोपर्यंत डे यांचे निधन (१८८९) झाले होते.

३. हौशी मच्छीमाराची दृष्टी

डे यांचा अहवाल प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८७३ मध्ये, मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. थॉमस दक्षिण कानडा जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते आणि त्या जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनाविषयी त्यांनी शासनाला अहवालही सादर केला होता. म्हणजेच अधिकारी, संवर्धक आणि शौकीन या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या होत्या.

थॉमस यांनी महसीर या माशाला इंग्रजांच्या कल्पनाविश्वात मानाचे स्थान मिळवून दिले. आकाराच्या मानाने महसीर हा सामनपेक्षाही अधिक झुंज देतो, असे त्यांचे मत होते. हा मासा दख्खनला नवा नव्हता. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातील महसीरचे शास्त्रीय वर्णन मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साईक्स यांनी १८३९ मध्येच केले होते. त्याला त्यांनी ‘खुद्री’ हे स्थानिक नाव दिले आणि ते शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. साईक्स यांच्या नोंदीत हा मासा म्हणजे प्रदेशाच्या संपत्तीचा एक घटक होता. थॉमस यांच्या लेखनात तो खेळातील प्रतिस्पर्धी झाला. प्रतिस्पर्ध्याशी नियमाने लढायचे असते. त्यामुळे गळाने एकेक मासा पकडणे ही सभ्य रीत ठरली, तर जाळे, सापळा किंवा वनस्पतींचे विष यांनी एकदम पुष्कळ मासे काढणे ही हीन रीत ठरली. वस्तुतः कुटुंबाच्या पोटासाठी मासे धरणाऱ्यास झुंजीचे कौतुक असण्याचे कारण नव्हते.

४. १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम

१८९७ चा चौथा अधिनियम ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला. महाराष्ट्राच्या वाचकाला ही तारीख दुसऱ्या कारणाने परिचित आहे. त्याच दिवशी त्या वर्षीचा तिसरा अधिनियम, म्हणजे साथरोग अधिनियमही संमत झाला होता, आणि त्याच्या अंमलबजावणीने पुण्यात प्लेगच्या काळात काय घडले हे सर्वश्रुत आहे. दुष्काळ आणि प्लेग यांनी मुंबई इलाखा ग्रासला असताना हा छोटासा कायदा आला, त्यामुळे त्याकडे फारसे लक्ष गेले नसल्यास नवल नाही.

अधिनियमाचा गाभा तीन कलमांत आहे. चौथ्या कलमाने मासे मारण्याच्या हेतूने पाण्यात सुरुंगाची दारू वा अन्य स्फोटके वापरणे हा गुन्हा ठरवला. पाचव्या कलमाने त्याच हेतूने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक द्रव्य टाकणे हा गुन्हा ठरवला. दोन्हींस शिक्षा सारखीच होती : दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. सहाव्या कलमाने प्रांतिक सरकारांना निवडक पाण्यांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार स्थिर सापळे, आडबंध, तसेच जाळ्यांचे प्रकार व आसाचा आकार यांचे नियमन करता येई आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्णपणे बंद ठेवता येई. नियमभंगास १०० रुपयांपर्यंत दंड आणि जाळे-सापळे जप्त करण्याची तरतूद होती. खाजगी पाण्यास मात्र मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे नियम लागू करता येत नसत. सातव्या कलमानुसार डोळ्यांदेखत गुन्हा करणारा इसम अनोळखी असेल आणि नाव-पत्ता सांगत नसेल, तर त्याला अधिपत्राशिवाय अटक करता येत असे.

या तरतुदींबाबत तीन निरीक्षणे नोंदवावीशी वाटतात. पहिले, स्फोटके आणि वनस्पतींचे विष यांना एकाच मापाने मोजले गेले. सुरुंगाची दारू रस्ते, लोहमार्ग आणि बांधकामे यांच्याबरोबर डोंगरदऱ्यांत पोहोचली. उलटपक्षी गेळाचे फळ किंवा कुंभ्याची साल ठेचून उन्हाळ्यातील डोहात मासे गुंगवणे ही आदिवासींची जुनी रीत होती. विषाने पिलेही मरतात, हे खरे. तरीही स्फोटकांचा विध्वंस आणि आटत्या डोहातील ही हंगामी पकड यांत कायद्याने कोणताही भेद केला नाही. दुसरे, अधिनियमात गळाचा उल्लेखच नाही. जी पद्धत शासनकर्त्या वर्गाची होती, तिला नियमनाची गरज भासली नाही. तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या शंकेतून चौकशीस प्रारंभ झाला, त्या सिंचनाच्या बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवण्याची सक्ती करणारे एकही कलम या अधिनियमात नाही. आडबंधांचे नियमन करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला मिळाला खरा, परंतु स्वतःच्याच बांधकाम खात्यास अडवणे सरकारवर बंधनकारक नव्हते.

अर्थात, स्फोटकांवरील बंदी ही या अधिनियमाची निर्विवाद जमेची बाजू आहे. सुरुंगाने एका क्षणात संपूर्ण डोह निर्जीव होतो. या कृत्याला देशभर गुन्हा ठरवणारा पायाभूत कायदा म्हणून १८९७ च्या अधिनियमाचे मोल मान्य केले पाहिजे.

५. राखीव पाणी : निलगिरी, काश्मीर आणि पंजाब

क्रीडा-मासेमारीचे स्वतंत्र नियम थंड हवेच्या प्रदेशांत आधीच आकारास येत होते. निलगिरीमध्ये १८७७ मध्ये शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने निलगिरी शिकार व मत्स्य संरक्षण अधिनियम केला. वन्य प्राणी आणि मासा यांना एकाच कायद्यात बसवणे सूचक आहे. येथे मासा अन्नाच्या वर्गातून निघून शिकारीच्या वर्गात गेला. निलगिरीच्या ओढ्यांत विलायती ट्राउट रुजवण्याचे प्रयत्न १८६३ पासून चालू होते. स्वतः डे यांनीही तसा प्रयत्न केला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांच्या देखरेखीखाली इंद्रधनुषी ट्राउट तेथे स्थिरावला. काश्मीर संस्थानात १९०० मध्ये तपकिरी ट्राउटची अंडी यशस्वीरीत्या आणली गेली आणि हारवान येथे पैदास केंद्र उभे राहिले. तेथूनच पुढे कुलूच्या खोऱ्यात ट्राउट गेला. पंजाबने १९१४ मध्ये स्वतंत्र मत्स्य अधिनियम करून परवाना पद्धतीचा पाया घातला.

या प्रदेशांत ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थ पालटलेला दिसतो. ज्या माशाचे रक्षण करायचे तो स्थानिक नव्हता, आणि ज्यांच्यासाठी करायचे तेही बहुतांशी स्थानिक नव्हते. ट्राउट हा शिकारी मासा असल्याने मूळच्या जातींवर त्याचा ताण पडतो, हा विचार त्या काळी गौण मानला गेला.

६. कायद्यापूर्वीचे संरक्षण

वसाहतकालीन लेखनात भारतीय मच्छीमार हा बहुधा बेपर्वा आणि अदूरदर्शी रंगवलेला आढळतो. लोकपरंपरेचा विचार केला असता हे चित्र अपुरे ठरते. महाडजवळील वाळण कोंडीत, वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहात, तसेच कर्नाटकात शृंगेरी येथे तुंगेच्या घाटावर महसीर ‘देवाचे मासे’ म्हणून राखले जातात. तेथे मासा धरणे निषिद्ध असते आणि भाविक त्यांना खाऊ घालतात. नदीचा एखादा खोल डोह कायमचा राखून ठेवला, तर उन्हाळ्यात तेथे तगलेले मासे पावसाळ्यात इतरत्र पसरू शकतात. आधुनिक शास्त्र ज्याला अभयक्षेत्र म्हणते, त्याचेच हे रूप होय.

याचा अर्थ सर्व लोकव्यवहार संरक्षक होते असा नव्हे. कोकणात पहिल्या पावसात वळगणीचे, म्हणजे चढणीचे मासे मोठ्या प्रमाणात धरले जातात आणि त्यांत अंड्यांनी भरलेल्या माद्या असतात. डे यांचा आक्षेप नेमका अशाच पकडीवर होता आणि तो निराधार म्हणता येत नाही. परंतु लोकांच्या पद्धतींत राखणे आणि ओरबाडणे या दोन्ही प्रवृत्ती असताना, कायद्याने दुसरीचीच दखल घेतली. देवाच्या डोहासारख्या व्यवस्थेला मान्यता देऊन तिचा विस्तार करण्याची वाट अधिनियमात नव्हती.

७. वारसा

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. दरम्यान, ज्या मुठेच्या परिसरातून खुद्रीचे वर्णन झाले, तिच्यावर खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकातच उभे राहिले होते आणि विसाव्या शतकात सह्याद्रीतील नद्यांवर धरणांची मालिका झाली. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली, हा मत्स्यविज्ञानातील महत्त्वाचा टप्पा होता. तथापि, क्रीडा-मासेमारीला उत्तेजन देण्यासाठी दख्खनचा हा महसीर कावेरीत सोडला गेला आणि तेथील मूळच्या मदार महसीरची संख्या घटत गेली. या कावेरीच्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. ट्राउटच्या बाबतीत झालेली चूक देशी माशाच्या नावाने पुन्हा घडली.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, वसाहतकालीन मत्स्यसंरक्षण केवळ साहेबांच्या छंदापोटी जन्मले नाही. त्यामागे अन्नाची खरी चिंता होती, प्रामाणिक संशोधन होते आणि स्फोटकबंदीसारखे टिकाऊ यशही होते. परंतु निदान आणि उपचार यांत अंतर पडले. बंधारा, जाळे आणि विष ही कारणे एकत्र नोंदवली गेली, तरी शिक्षा जाळ्याला आणि विषाला झाली. गळ प्रतिष्ठित राहिला आणि बंधारा निर्दोष ठरला. आजच्या नदीधोरणाच्या संदर्भात हा इतिहास महत्त्वाचा आहे. मासा वाचवायचा असेल तर कोणत्या हाताला अडवायचे, हे ठरवताना तो हात दुर्बळाचा आहे की सबळाचा, याने निर्णय बदलता कामा नये. तसेच नव्या संरक्षित जलक्षेत्रांचा विचार करताना वाळण कोंडीसारख्या डोहांची राखण करणाऱ्या गावांना गुन्हेगार न मानता भागीदार मानणे, हे १८९७ मध्ये राहून गेलेले काम आहे.