महाकाव्यांतील राक्षसवर्णने

रामायण व महाभारत या महाकाव्यांत राक्षसांचा देह, मुद्रा, आहार व वर्तन यांची आलेली सविस्तर वर्णने. उत्तरकांडातील कथेनुसार प्रजापतीने निर्मिलेल्या प्राण्यांपैकी ज्यांनी ‘आम्ही रक्षण करू’ असे म्हटले, ते राक्षस झाले. नावाचा संबंध असा रक्षणाशी जोडलेला असला, तरी काव्यात ते बहुधा भक्षक म्हणूनच अवतरतात.

या वर्णनांचा एक ठरीव साचा आहे : पिंगट डोळे, तांबडे केस, बाहेर आलेल्या दाढा, शंकूसारखे कान आणि मेघासारखा वर्ण. आदिपर्वातील हिडिंब याच साच्यातला. निद्रिस्त पांडवांचा वास येताच त्याच्या जिभेला पाणी सुटते. अरण्यकांडात मात्र वाल्मीकी साच्यापलीकडे जातो. विराधाच्या शूलावर तीन सिंह, चार वाघ, दोन लांडगे, दहा हरिणे व एका हत्तीचे दंतयुक्त मस्तक टोचलेले आहे. ही नेमकी मोजदादच प्रसंगाला भीषणता आणते. कबंधाला शिर नाही. तोंड पोटात, एकच डोळा छातीवर आणि योजनभर लांब बाहू. शूर्पणखेचे कुरूप रामाच्या रूपाशी एकेका विशेषणाने ताडून दाखविले आहे. ती मोहक रूप धारण करून येते, हा तपशील वाल्मीकीचा नसून कंब व तुलसीदास यांच्या रामायणांतला आहे.

सुंदरकांडात चित्र पालटते. अशोकवनातील राक्षसींना डुक्कर, वाघ, म्हैस, कोल्हा यांची तोंडे आणि हत्ती, उंट, घोडा यांचे पाय आहेत. परंतु सीतेची बाजू घेणारी त्रिजटा त्यांच्यातलीच. लंकेत हनुमंताला कुरूप राक्षसांबरोबर सुरूपही दिसतात आणि पहाटे वेदघोष ऐकू येतो. निजलेल्या रावणाचे वर्णन एक मुख व दोन बाहू असलेल्या भव्य पुरुषाचे आहे. दहा मस्तके अन्यत्र येतात. या विसंगतीची दखल जुन्या टीकाकारांनीही घेतली आहे.

राक्षस म्हणजे आर्येतर वन्य जमाती, असे समीकरण एकोणिसाव्या शतकापासून काही अभ्यासकांनी मांडले. वरील वर्णनांचा त्याला आधार मिळत नाही. रावण हा पुलस्त्याचा नातू, म्हणजे ऋषिकुळातला. आणि कबंधाचे किंवा अशोकवनातील राक्षसींचे अवयव कोणत्याही मानवसमूहाचे नव्हेत. रान, रात्र व श्वापदे यांचे भय त्यांत साकारले आहे. एखाद्या विद्यमान समाजाला त्यांवरून ओळखू पाहणे शास्त्रीय नाही आणि न्याय्यही नाही.

द्रोणपर्वातील घटोत्कचाच्या वर्णनात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. भीमाचा हा पुत्र पांडवांसाठी लढतो, तरी कवी त्याला तोच उग्र साचा वापरतो. कर्णाच्या वासवी शक्तीने मरताना तो देह वाढवून कौरवसैन्याचा काही भाग चिरडतो. पांडव शोक करतात. कृष्ण मात्र आनंदतो. शक्ती खर्ची पडली हे त्याचे एक कारण. शिवाय घटोत्कच यज्ञद्वेष्टा राक्षस असल्याने, कर्णाने मारला नसता तर आपणच त्याला मारले असते, असेही तो सांगतो.