श्रेयनामावली आणि स्त्री-कर्तृत्व : हिप-हॉप गीतकार मिसी एलियट हिच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या येथील शाखेचा संस्थापक सर्वसेन याने प्राकृत भाषेत ‘हरिविजय’ हे काव्य रचले. मूळ काव्य लुप्त झाले. उत्तरकालीन अलंकारशास्त्रकारांनी केलेले उल्लेख व घेतलेली अवतरणे तेवढी उरली आहेत. काव्य गेले, कवीचे नाव मात्र राहिले. त्याच वऱ्हाडात जात्यावर दळताना स्त्रियांनी रचलेल्या ओव्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. ओव्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. रचणारीचे नाव राहिले नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी मुलगा सोपानदेव व आप्त पितांबर यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली. तीही त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये ग्रंथरूपाने आली.

रचना कोणाची आणि नाव कोणाचे, हा प्रश्न केवळ लोकसाहित्यापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातही तो तितक्याच तीव्रतेने उभा राहिला. प्रस्तुत लेखात अमेरिकन हिप-हॉप कलावंत व गीतकार मिसी एलियट हिच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे.

हिप-हॉपचा उदय आणि स्त्रिया

हिप-हॉपचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झालेल्या एका नृत्यसमारंभापासून मानला जातो. त्या रात्री तबकड्या वाजविणारा कूल हर्क इतिहासात अजरामर झाला. समारंभ भरविणारी त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिचा उल्लेख दीर्घकाळ दुय्यमच राहिला. रॅपला व्यावसायिक यश मिळवून देणारे ‘रॅपर्स डिलाइट’ (1979) हे गीत सिल्व्हिया रॉबिन्सन या स्त्रीच्या निर्मितिसंस्थेतून आले. पुढे शा-रॉक, रोक्सॅन शांते, एम. सी. लाइट, क्वीन लतीफा यांनी स्वतःचा आवाज सिद्ध केला. म्हणजेच स्त्रिया या परंपरेत आरंभापासून होत्या. तथापि गीतलेखन आणि संगीतनिर्मिती ही दोन्ही सूत्रे एकाच स्त्रीच्या हाती असणे ही गोष्ट विरळच होती.

जडणघडण

मेलिसा आर्नेट एलियट हिचा जन्म 1 जुलै 1971 रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्‌समथ येथे झाला. वडिलांच्या मारहाणीमुळे आईने घर सोडले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. नव्वदीच्या आरंभी तिने मैत्रिणींसह ‘सिस्टा’ हा गट चालविला. परंतु 1994 चा त्यांचा अल्बम बाजारात नीट पोहोचूच शकला नाही. त्याच सुमारास घडलेला एक प्रसंग विशेष बोलका आहे. रेव्हन-सिमोन या बालकलाकाराच्या 1993 मधील गीतात एलियटचे लेखन व आवाज होता. चित्रफितीत मात्र तिच्या जागी दुसरी, सडपातळ स्त्री ओठ हलविताना दिसली. शब्द व आवाज स्वीकारार्ह, देह मात्र नको, असा हा व्यवहार होता.

कर्तृत्वाचा मार्ग

या अनुभवानंतर एलियटने पडद्यामागची जागाच बळकट केली. बालपणीचा मित्र टिम्बालँड याच्यासह तिने आलिया हिच्या ‘वन इन अ मिलियन’ (1996) या अल्बममधील अनेक गीते रचली. तुटक ठेका, मधले मोकळे अवकाश आणि त्यात पेरलेले चमत्कारिक ध्वनी या शैलीने तत्कालीन अमेरिकन लोकप्रिय संगीताचे वळण बदलले. एलेक्ट्रा कंपनीशी करार करताना केवळ गायिका म्हणून न राहता तिने ‘गोल्डमाइंड’ हा स्वतःचा उपविभाग मिळविला. जुलै 1997 मध्ये ‘सुपा डुपा फ्लाय’ हा तिचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला आणि बिलबोर्डच्या सूचीत थेट तिसऱ्या क्रमांकावर आला. ‘द रेन’ या गीताच्या चित्रफितीत ती हवेने फुगविलेला प्रचंड काळा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. ज्या देहाला चार वर्षांपूर्वी झाकले होते, तोच आता मुद्दाम मोठा करून दाखविला होता.

या गीताची श्रेयनामावलीही अभ्यसनीय आहे. त्यात ॲन पीबल्स हिच्या 1973 च्या गीताचा अंश वापरला असल्याने मूळ गीतकारांमध्ये पीबल्सचेही नाव नोंदले गेले. अर्थात या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. ‘गेट यर फ्रीक ऑन’ (2001) हे गीत पंजाबी तुंबीच्या नादावर उभे आहे. तुंबी म्हणजे आपल्या तुणतुण्यासारखेच एका तारेचे वाद्य. या गीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गीतकार म्हणून नावे मात्र एलियट व टिम्बालँड यांचीच आहेत. श्रेयनामावली व्यक्तीला ओळखते, अनामिक परंपरेला ओळखत नाही.

मान्यता

‘अंडर कन्स्ट्रक्शन’ (2002) व ‘द कुकबुक’ (2005) या अल्बमनंतर एलियटची गती मंदावली. थायरॉईडशी संबंधित ग्रेव्हज हा विकार आपल्याला जडल्याचे तिने 2011 मध्ये जाहीर केले. 2019 मध्ये अमेरिकेच्या ‘साँगरायटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला, हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री-रॅपर होय. 2023 मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळविणारी पहिली स्त्री हिप-हॉप कलावंतही तीच ठरली. यांपैकी पहिला सन्मान अधिक अर्थपूर्ण वाटतो. कारण तो सादरीकरणाचा नसून लेखनाचा आहे.

निष्कर्ष

रॅपमध्ये कलावंत आपले नाव गीतातच गुंफतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. नामदेवाची दासी म्हणविणाऱ्या जनाबाईने नाममुद्रेतून तेच केले, आणि म्हणूनच तिचे अभंग तिचे राहिले. एलियटच्या कारकिर्दीतून असे दिसून येते की, प्रतिभा एकटी पुरेशी नसते. नावाची नोंद, करार आणि निर्मितीवरील अधिकार यांची जोड मिळाल्यावरच स्त्रीचे कर्तृत्व इतिहासात उतरते.

या दृष्टीने गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून केलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन मोलाचे आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात गाणारीचे व गावाचे नाव जपले आहे. महाविद्यालयांतील लोकसाहित्य-संकलनातही ओवीइतकेच तिच्या गायिकेचे नाव, गाव आणि दिनांक टिपले गेले पाहिजे. सर्वसेनाचे नाव काव्याविना सोळा शतके टिकले. ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या ओवीसह टिकविणे एका वहीत सहज शक्य आहे.