एजंट नसलेल्या भाषेत

कोयनानगरला बसून मी एक कादंबरी लिहिली. धरणाच्या वसाहतीत राहणारी पंधरा वर्षांची मुलगी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, आणि नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी राहायला आलेला एक मुलगा. किशोरवयीन वाचकांसाठीची प्रेमकथा म्हणा हवं तर.

लिहून झाल्यावर मोबाईलवर लिटररी एजंट शोधायला बसले. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी सल्ल्यांचा ढीग होता. एक पानाचं पत्र कसं लिहायचं, कथासार किती लांबीचं, पहिली किती प्रकरणं पाठवायची. भारतातही जयपूरच्या ‘सियाही’सारख्या एजन्सी हे काम करतात. मराठी किशोर-कादंबरीसाठी मात्र मला कोणी सापडेना. एका प्रकाशकांना फोन केला तर ते हसून म्हणाले, “ताई, एजंट कशाला? तुम्हीच पाठवा की.”

पाठवली. काही महिन्यांनी दुसऱ्याच एका ठिकाणाहून होकार आला, सोबत एका पानाचा करार. त्यात एक ओळ होती : पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. सही करायची की नाही, हे विचारायला माझ्याकडे कोणी नव्हतं. म्हणून मी उलटा प्रश्न घेतला. आपल्याकडे एजंट नव्हता, तर आजवर त्याचं काम केलं कोणी?

लेखकाचा एजंट हा पेशा लंडनमधला. १८७५ च्या सुमाराला ए. पी. वॉट या गृहस्थांनी तो सुरू केला. लेखकाला मिळणाऱ्या पैशातले दहा टक्के ते घेत. किपलिंग, हार्डी, कॉनन डॉयल हे सगळे त्यांचे लेखक. एजंटची कामं तेव्हापासून दोन. पहिलं, लेखकासाठी दार शोधणं. दुसरं, दार उघडल्यानंतर त्याचे हक्क सांभाळणं.

यातलं पहिलं काम मराठीत मासिकांनी केलं. मुलांसाठी वि. को. ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढलं, वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’. हरिभाऊ आपट्यांनी तर १८९० मध्ये ‘करमणूक’ हे स्वतःचंच साप्ताहिक काढलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः छापल्या. लेखक, संपादक आणि एजंट, तिन्ही एकाच माणसात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि नव्या लेखकाला वर्षातून एकदा उघडणारं एक मोठं दार मिळालं. पुढे भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं. फुरसुंगीच्या फास्टर फेणेचे हेच ते लेखक. १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ आलं. या सगळ्यांकडे जायला मध्यस्थ लागत नव्हता. पोस्टाचं पाकीट पुरत होतं.

एजंट न येण्यामागे साधा हिशेबही आहे. समजा पुस्तकाची किंमत दोनशे रुपये, आवृत्ती हजार प्रतींची, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला वीस हजार. आजच्या एजंटचा वाटा पंधरा टक्के धरला तर त्याचे झाले तीन हजार. एका पुस्तकासाठी वर्षभर फोन करून, पत्रं लिहून तीन हजार! यावर कोणाचं घर चालणार? त्यामुळे लेखकाने ओळखीने, संपादकाच्या शब्दावर, नाहीतर थेट प्रकाशकाच्या दुकानात जाऊन काम भागवलं.

पण दुसरं काम? ते कोणाचंच नव्हतं. याचं मला सापडलेलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे चंद्रकांत काकोडकर.

काकोडकर म्हणजे लोकप्रिय प्रेमकथांचे लेखक. १९६२ मध्ये ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा विषय. त्यावर अश्लीलतेची तक्रार झाली आणि मासिकाच्या मुद्रक-प्रकाशकाबरोबर लेखकही आरोपी झाला. मॅजिस्ट्रेटने सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि दंड केला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषमुक्त केलं. अंक छापला जाण्यापासून निकालापर्यंत सात वर्षं गेली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही ‘श्यामा’चा शेवटचा निकाल लागायचा होता.

हा निकाल किशोरांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. तरुण मुलं बिघडतील, हा आक्षेप न्यायालयापुढे होता. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं : लिखाण सुटं सुटं काढून नाही, पूर्ण वाचून पाहा. समाजाचे मापदंड बदलत आहेत. प्रेम आणि शरीरसंबंधांचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला, तर किशोरांना धार्मिक पुस्तकांपलीकडे काही वाचताच येणार नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्या पुढच्या पिढ्यांसाठी ही मोठीच सोय झाली. तिची किंमत मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातल्या लेखकाने मोजली.

आणि त्याच १९६९ मध्ये राज खोसलांचा ‘दो रास्ते’ आला. राजेश खन्ना, मुमताज, गावभर वाजणारी गाणी. हा सिनेमा काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ या कादंबरीवर बेतलेला. एकाच वर्षी एक गोष्ट खटल्यातून सुटली, दुसरी पडद्यावर गाजली. ग्रंथालयातून पाच-दहा पैशांनी घरी येणाऱ्या ज्या पुस्तकांना कोणी साहित्य म्हणायला तयार नव्हतं, त्यांची मजल एवढी होती.

मला इथे खटला आणि सिनेमा एकत्र पाहावेसे वाटतात. पुस्तक छापलं गेलं की त्याचं आयुष्य संपत नाही, सुरू होतं. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. शिरवळकर २००३ मध्ये गेले, सिनेमा आला २०१३ मध्ये. भागवत २००१ मध्ये गेले, फास्टर फेणे पडद्यावर आला २०१७ मध्ये. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. म्हणजे शिरवळकरांच्या लिखाणावरचा हक्क २०६३ संपेपर्यंत. पहिल्या हजार प्रतींच्या आनंदात केलेली सही एवढा काळ पुरते.

मग मी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ वाचून काढलं. हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, सहीनिशी. कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही, तर तो परत लेखकाकडे येतो. करारात वेगळं लिहिलं असेल तर मात्र नाही.

वाचताना एक गंमत लक्षात आली. करार मुदतीबद्दल गप्प असेल तर कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. पण आपण ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली सही केली की कायद्यालाही फारसं बोलायला जागा उरत नाही. लंडनचा एजंट दहा टक्के घेऊन बहुधा हाच शब्द खोडायला लावत असणार.

तो मी स्वतः खोडला. त्या जागी लिहिलं : छापील मराठी पुस्तकाचा हक्क, पाच वर्षांसाठी. अनुवाद, ऑडिओ आणि सिनेमाचे हक्क लेखिकेकडे. लिहिताना हात जड झाला होता, कारण होकार हा एकच होता आणि तोही जाऊ शकत होता. पाकीट कोयनानगरच्या पोस्टात टाकलं.

बारा दिवसांनी फोन आला. “सिनेमा काढायचाय का ताई तुम्हाला?” त्यांनी चेष्टेत विचारलं. मी म्हटलं, “मला नाही. पण कोणाला काढावासा वाटला, तर त्याने मला विचारावं.”

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणाले, पाच नको, सात वर्षं करू. बाकीचं तुम्ही लिहिलंय तसं.

सात वर्षांवर मी सही केली.