घरातल्या सशाभोवतीच्या माश्या

पावसाळा सुरू झाला की फ्लॅटमध्ये ससा पाळणाऱ्या कुटुंबांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पिंजऱ्याजवळ बारीक माश्या घोंगावतात. आज पुसून काढले तरी उद्या पुन्हा हजर. ससा स्वभावतः स्वच्छ प्राणी, मग या माश्या आल्या कोठून, असा प्रश्न पडतो आणि हात कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे जातो. तो हात आवरावा, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम माशी ओळखावी. जेमतेम तीन मिलिमीटरची, तपकिरी अंगाची आणि बहुधा लाल डोळ्यांची माशी म्हणजे आपली नेहमीची चिलटे. सफरचंदाची फोड, केळ्याचा तुकडा, आंबू लागलेली भाजी यांच्या वासावर ती येतात. काळी, सडपातळ, लांब पायांची, डासासारखी दिसणारी पण धड उडता न येणारी माशी कुंड्यांतील ओल्या मातीतून येते. भिजलेले गवत आणि भुसाही तिला चालतो. पतंगासारखे लवदार पंख मिटून न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी तिसरी माशी मोरीची. तिची शंका असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवावी. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या, की सशाला दोष देण्याचे कारण उरत नाही. नळीच्या आतला बुळबुळीत थर ब्रशने खरवडून काढला पाहिजे.

उडणाऱ्या माश्या मारून काही साधत नाही. साधारण २५ अंश तापमानात चिलटाच्या अंड्यापासून नवे चिलट तयार होण्यास सुमारे दहा दिवस लागतात आणि एक मादी शेकडो अंडी घालते. त्यामुळे दोन दिवस कसून साफसफाई करून थांबणाऱ्याला दहाव्या दिवशी पुन्हा तेच चित्र दिसते. जिथे अंडी पडतात ती ओल सलग तीन आठवडे तरी हटवत राहावी लागते.

ही ओल बहुधा सशाच्या कोपऱ्यातच असते. ससा मूत्रविसर्जनासाठी एक जागा ठरवून घेतो. त्याच्या मूत्रात चुन्याचा अंश भरपूर असल्याने ट्रेवर पांढरट खडबडीत थर बसतो. तो नुसत्या पाण्याने निघत नाही. पांढरे व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवल्यास विरघळतो. नंतर ट्रे धुऊन पूर्ण कोरडा करावा. ट्रे रोज धुतला जातो, पण त्याखालची लादी, प्लायवूडची फट किंवा कडेला दुमडलेले लिनोलियम मात्र कोणी उचलून पाहत नाही. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे जाड थर चालतात (आमचा अंकही त्यासाठी वापरला जातो, याची कल्पना आहे). पालेभाजी खाऊन झाल्यावर उरलेली दोन तासांत उचलावी. गवत हवा खेळेल अशा कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवावे आणि बुरशीचा वास येताच फेकून द्यावे.

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो. परंतु शेतात दिसणारा ससा आणि घरातला ससा या भिन्न जाती आहेत. शेतातल्या सशाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तो पाळता येत नाही. घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, कोरड्या जमिनीत बिळे करून राहणारा. कोकणपट्टीतला दमटपणा त्याच्या सवयीचा नाही.

माश्यांची वर्दळ कधी कधी सशाच्या दुखण्याचीच पहिली खूण असते. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल लेंड्यांना फारसा वास नसतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. त्या तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो व त्यातून जीवनसत्त्वे मिळवतो. या मऊ लेंड्या पिंजऱ्यात पडलेल्या किंवा शेपटीखाली लडबडलेल्या दिसल्या, तर आहारात गवत कमी आणि तयार खाद्य, गाजर, फळे जास्त होत असावीत. अथवा लठ्ठपणा, संधिवात किंवा दातदुखीमुळे त्याला तिथवर वाकता येत नसावे.

खरा धोका इथून सुरू होतो. चिलटे सशाच्या अंगावर अंडी घालत नाहीत, त्याला चावतही नाहीत. मात्र याच वासावर चकचकीत हिरव्या-निळ्या माश्या येतात आणि मळलेल्या ओल्या केसांत अंडी घालतात. उबदार हवेत २४ तासांच्या आत अळ्या बाहेर पडून कातडी पोखरू लागतात, आणि ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ससा वेदना लपवतो. वरून तो केवळ गप्प बसलेला दिसतो. म्हणून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा शेपटीखाली पाहावे. म्हातारा, स्थूल, लांब केसांचा किंवा जुलाब झालेला ससा असेल तर यात कुचराई नको.

अळ्या दिसल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. जाईपर्यंत वर दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढाव्यात. सशाला आंघोळ घालू नये. भिजलेले अंग आणि भीती यांनी तो आणखी खचतो. गुराच्या जखमेत ओततात तसे टर्पेंटाइन किंवा फिनेल तर मुळीच ओतू नये.

औषधांबाबत एक नाव लक्षात ठेवावे : फिप्रोनिल. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर ते सर्रास वापरले जाते. सशाला ते विषारी ठरते आणि जिवावर बेतू शकते. फवारे, डांबराच्या गोळ्या, फिनेलने पुसलेली लादी यांपासूनही त्याला दूर ठेवावे. ससा सतत अंग आणि पंजे चाटतो आणि पोटात गेलेले त्याला ओकता येत नाही. त्यापेक्षा वाटीत व्हिनेगर घेऊन भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकावेत व ती सशाच्या आवाक्याबाहेर ठेवावी. चिलटे त्यात बुडतात. खिडक्या बंद करून घेऊ नयेत, ३० अंशांच्या वर सशाला उष्णता सोसवत नाही. बारीक जाळी बसवावी.

प्रत्येक दवाखान्यात सशावर उपचार होतातच असे नाही. आपल्या भागात ते कोण करते आणि रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, याची चौकशी आधीच फोनवर करून तो क्रमांक घरातल्या सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा.