‘शमा’ कथेवरचा खटला

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शमा’ ही कथा छापून आली. अंक वाचून एका गृहस्थांनी फिर्याद दिली. समाजाच्या, विशेषतः तरुण पिढीच्या नैतिक उन्नतीची कळकळ असलेले गृहस्थ, अशी त्यांची ओळख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. १११ ते १३४ या पानांमधले निवडक उतारे त्यांनी पानांच्या आकड्यांनिशी आक्षेपार्ह ठरवले होते. अंकातले आणखी काही लेख आणि चित्रेही त्यांना अश्लील वाटली होती. लेखक, मुद्रक-प्रकाशक आणि विक्रेता यांच्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला.

दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्यावर अपील झाले आणि उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. बाकीच्या मजकुरात व चित्रांत दोन्ही न्यायालयांना गैर काही आढळले नव्हते. दोषी ठरली ती एकटी ‘शमा’. काकोडकरांना पंचवीस रुपये दंड झाला, तो न भरल्यास आठवडाभर साधी कैद. शिवाय ती कथा असलेल्या अंकाच्या हाताशी असलेल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश. माझ्या दृष्टीने खरी शिक्षा ही दुसरी. दंड लेखकाने भरायचा होता. प्रती जाणार होत्या त्या वाचकांच्या हातून, आणि त्यांत निर्दोष ठरलेला मजकूरही जाणार होता.

काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा वाट सोपी नव्हती. त्याआधी, १९६४ मध्ये, रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचे अपील तिथेच फेटाळले गेले होते. त्याचा गुन्हा म्हणजे डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकायला ठेवणे. अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले, पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सभ्यता व नीतिमत्ता यांसाठी वाजवी निर्बंधांना जागा ठेवली. कलम २९२ त्या जागेत बसते, असे घटनापीठाने ठरवले होते. कसोटी मात्र १८६८ च्या इंग्लंडमधली, हिकलिन खटल्यातली होती : ज्यांचे मन अशा प्रभावाला मोकळे आहे, त्यांना हा मजकूर बिघडवील काय?

२५ ऑगस्ट १९६९ रोजी न्या. पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालात ती कसोटी नाकारलेली नाही. बदलली ती वाचण्याची रीत. निशिकांत हा नायक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, शमा या तिघी, असे कथानक न्यायालयाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासले. उतारे सुटे काढून नव्हे, सबंध कृतीचा विचार करून ठरवायचे, हे सूत्र निकालात स्पष्ट आहे. काळाबरोबर आणि देशागणिक श्लीलतेच्या कल्पना बदलतात, फ्रान्समध्ये साहित्य ठरलेले इंग्लंडमध्ये अश्लील ठरू शकते, हेही तिथे नोंदले आहे. आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे : कामभावनेचा नुसता उल्लेखच अश्लील मानायचा, तर केवळ धार्मिक पुस्तकेच विकता येतील.

काकोडकर सुटले. पण त्यांच्या कथेची तारीफ न्यायालयाने केली नाही. ती फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वता तिच्यात दिसत असेल, असे निकालपत्र उघड म्हणते, आणि तरीही ती बिघडवणारी नाही असा निष्कर्ष देते. लॉरेन्सची जगन्मान्य कादंबरी हरली त्याच न्यायालयात एक बेताची मराठी कथा जिंकली, ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. बोलण्याचा हक्क चांगल्या लेखनाला मिळणारे बक्षीस असता, तर ‘शमा’ला तो मिळालाच नसता. लोकप्रिय कादंबरीकार म्हणून काकोडकरांना समीक्षकांनी कुठे बसवले हा प्रश्न वेगळा. न्यायालयाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते आणि नसायलाच हवे होते.

त्याच वर्षी, १९६९ मध्ये, संसदेने कलम २९२ मध्ये दुरुस्ती करून साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना स्पष्ट अपवाद दिला. त्याबरोबर शिक्षाही वाढवली. आधी ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची होती.

हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सोडली. पुढच्याच वर्षी वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात १९९४ मध्ये ती छापली गेली होती आणि लातूरच्या न्यायालयात खटला चालू होता. माफी मागितलेल्या प्रकाशकाला आणि मुद्रकाला मुक्त केले गेले. कवीवरचा आरोप मात्र कायम राहिला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना कसोटी अधिक कडक लागते, असे कारण दिले गेले. ही जादा कडक कसोटी अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात मला कुठे दिसत नाही. तिथे सभ्यता आहे, नीतिमत्ता आहे. व्यक्तींचा आदर हे तिथल्या कारणांपैकी एक नाही.